सपाट छपरांची गळती

रोहिणी नक्षत्र सरून मृगाचे ढग दिसूं लागले कीं मराठवाड्यांतील घरधन्याचें लक्ष प्रथम आभाळाकडे आणि लगेच छपराकडे जातें. कोंकणांत छपराला उतार असतो; तेथें पडलेलें पाणी थांबत नाहीं, कौलांवरून घसरून पागोळ्यांच्या रूपानें अंगणांत पडतें. मराठवाड्यांत, आणि एकंदरींत कमी पावसाच्या पठारी मुलखांत, छप्पर सपाट असतें. सपाट छपरावर उन्हाळ्यांत निजतां येतें, धान्य वाळवितां येतें, कुरडया-पापड घालतां येतात. पण पाण्यालाही तेथून निघण्याची घाई नसते. थांबलेलें पाणी वाट शोधीत राहतें आणि आज ना उद्यां ती त्याला सांपडते. सपाट छपराच्या गळतीचा विचार येथूनच सुरू होतो.

लातूर जिल्ह्यांतील रेणापूर हें गांव या विचारास सोयीचें आहे. लातूर शहराच्या उत्तरेस असलेलें, रेणा नदीच्या खोऱ्यांतील आणि रेणुकादेवीच्या देवस्थानामुळें परिसरांत प्रसिद्ध असें हें तालुक्याचें ठिकाण. अशा गांवांत सपाट छपराचे दोन प्रकार शेजारीं शेजारीं नांदत आले आहेत. जुन्या वस्तींत मातीचें माळवद, आणि मुख्य रस्त्यावरील दुकानें, वखारी, दवाखाने यांवर सिमेंट-काँक्रीटची गच्ची. दोहोंची सामग्री वेगळी, परंतु दोहोंचें दुखणें एकच. आणि त्या दुखण्यावर लोक जो उपाय सहज करतात तोही एकच. तो उपाय म्हणजे वरून आणखी एक थर घालणें. या सोप्या उपायाची किंमत कधीं कधीं गळतीहून फार मोठी पडते.

प्रथम पाण्याचा हिशेब पाहावा. या भागांत वर्षाचा पाऊस सरासरीनें ७०० ते ८०० मिलिमीटर पडतो. हा आंकडा कोंकणाच्या मानानें लहान असला तरी छपराच्या दृष्टीनें लहान नाहीं. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी. १०० चौरस मीटरच्या, म्हणजे सुमारें १,०७५ चौरस फुटांच्या गच्चीवर एका संध्याकाळीं ५० मिलिमीटरची सर कोसळली तर ५,००० लिटर पाणी जमतें. पन्हळी मोकळ्या असल्या तर तें पाहतां पाहतां वाहून जातें. पन्हळींत पालापाचोळा अडकला असला तर तेंच ५ टनांचें ओझें होऊन रात्रभर गच्चीवर बसतें आणि प्रत्येक भेगेंत उतरून पाहतें.

आतां माळवदाची रचना पाहावी. लांकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर आणि त्यावर माती, अशी ती रचना असते. खांबांच्या दोन रांगांमधील जागेस खण म्हणतात आणि घराचा आकार खणांवरून सांगतात. वरची माती कोणतीही चालत नाहीं. शेतांतील काळी माती ओली झाली कीं फुगते आणि वाळली कीं आकसून भेगाळते. ती छपरावर घातली तर पहिल्या उन्हांत भेगा आणि पुढच्या सरींत गळती ठरलेली. म्हणून जुन्या वस्तीच्या जागेंतली, पडक्या गढीची पांढरी माती आणतात. ती काळीसारखी फुगत-आकसत नाहीं. कोठें कोठें चोपण मातीही वापरतात. तिच्यांतील सोडियमच्या क्षारांमुळें ओल लागतांच तिचे सूक्ष्म कण सुटे होऊन छिद्रांत बसतात आणि पृष्ठभाग आपोआप लिंपला जातो. वरचा अंगुळभर थर थोडें पाणी शोषतो, उरलेलें पाणी ढाळावरून पन्हळीकडे जातें, आणि पाऊस उघडल्यावर उन्हानें माती पुन्हां वाळते. जेथें सरी थोड्या आणि उघाड पुष्कळ, तेथें ही योजना उत्तम चालते. वैशाखाच्या तापांत घर थंड राहतें हा तिचा दुसरा लाभ.

ही योजना फसते ती झडीच्या दिवसांत. चार दिवस पाऊस थांबला नाहीं कीं वरचा थर वाळण्यास सवड मिळत नाहीं. ओल खालीं खालीं उतरत फळ्यांपर्यंत पोंचते आणि माळवद ठिबकूं लागतें. उजेडासाठीं ठेवलेलें साणें, भिंत आणि माळवद यांचा सांधा, पन्हळीचें तोंड, घुशींनीं आणि मुंग्यांनीं पोखरलेलीं बिळें हीं पाण्याच्या शिरकावाचीं नेहमींचीं ठिकाणें. रात्रीं अंथरुणावर थेंब पडला कीं घरांतील कोणी तरी कंदील घेऊन वर चढावें, अंदाजानें चार टोपलीं माती टाकावी, पायानें दाबावी आणि खालीं यावें, हा शिरस्ता. पुढच्या वर्षीं मृगापूर्वीं सबंध माळवदावर नवी माती पसरावी, हाही शिरस्ता. जुनी माती उकरून काढणें कष्टाचें. नवी टाकणें सोपें. तेव्हां काढण्याचें काम मागें पडतें आणि घालण्याचें चालूं राहतें. बापानें घातलेल्या थरावर मुलगा थर घालतो, त्यावर नातू. घर तेंच राहतें, खांब आणि तुळया त्याच राहतात, माती मात्र पिढीगणिक वाढत जाते. ३० सेंटिमीटरपासून ६० सेंटिमीटरपर्यंत, आणि कांहीं घरांवर त्याहूनही जाड, असे थर मराठवाड्यांत आढळले आहेत.

या मातीचें वजन किती होतें? १ घनफूट दाबलेली माती ओलीसुकीच्या मानानें ४५ ते ५५ किलो भरते. हिशेबासाठीं ५० किलो धरावी. १० फूट लांब आणि १० फूट रुंद अशा एका खोलीवर १ इंच माती घातली तर सुमारें ४०० किलोंची भर पडते. एका इंचाचें कोणास कांहीं वाटत नाहीं. परंतु २ फूट जाडीचें माळवद त्याच खोलीवर १०,००० किलो, म्हणजे १० टन, ठेवतें. त्या खोलींत माणसें निजतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे या वजनाचा अर्थ सर्वांना कळला. आदल्या रात्रीं गणेशविसर्जन करून लोक घरोघर निजले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं लातूर जिल्ह्यांतील किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. किल्लारी रेणापूरच्या दक्षिणेस, सरळ रेषेंत सुमारें ५० किलोमीटरवर आहे. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ अशी मोजली गेली. जगांतील मोठ्या भूकंपांच्या मानानें ती मध्यम होय; तरी लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास, आणि कांहीं गणनांप्रमाणें दहा हजारांपर्यंत, माणसें गेलीं. एवढ्या तीव्रतेला एवढी हानि कां, याचा शोध घेणाऱ्यांनीं घरांच्या बांधणीकडे बोट दाखविलें. भिंती जाड होत्या, परंतु त्या चिखलांत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या होत्या. भिंतीची आंतली आणि बाहेरची बाजू एकत्र बांधून धरणारे आरपार दगड त्यांत नव्हते. आणि या भिंतींच्या डोक्यावर मातीचे टनावारी थर होते.

जमीन हलली कीं जड वस्तु आपल्या जडत्वानें जागच्या जागीं राहूं पाहते, आणि वस्तु जितकी जड तितका आडवा जोर तिच्याखालच्या आधारावर येतो. हलकें छप्पर हलतें तेव्हां भिंतीला थोडा धक्का बसतो. १० टनांचें छप्पर हलतें तेव्हां भिंतीला दहा टनांच्या हिशेबानें तो सोसावा लागतो. भिंत फुगून कोसळली कीं वरची माती दगडांच्या मागोमाग खालीं येते, आणि मातीखालीं सांपडलेल्या माणसाला श्वास घेण्यास जागा उरत नाहीं. ज्या घरांचे खांब आणि तुळया मजबूत जोडलेल्या होत्या त्यांतील कांहीं घरांत भिंती पडूनही छप्पर खांबांवर उभें राहिलें. त्यावरून जुन्या सुतारकामाचें महत्त्वही दिसून आलें. परंतु एकंदरींत निष्कर्ष स्पष्ट होता. पावसाचा थेंब अडविण्यासाठीं वर्षानुवर्षें जें साठविलें गेलें, त्यानेंच त्या पहाटे घात केला. थर घालणाऱ्यांपैकीं कोणाचाही हेतु वाईट नव्हता. प्रत्येकानें आपल्या घरांतील माणसें कोरडीं राहावीं एवढेंच पाहिलें होतें.

भूकंपानंतर ५२ गांवांचें नव्या जागीं पुनर्वसन झालें, आणि जीं घरें टिकलीं त्यांच्या मजबुतीकरणाच्या सूचनांत माळवदावरील जादा माती काढून थर सुमारें ८ इंचांवर आणावा, ही सूचना ठळकपणें आली. भिंतींत आरपार जोडदगड बसवावेत, खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यांत तिरके आधार द्यावेत, भिंतींना सभोंवार पट्टा बांधावा, या तिच्या जोडीच्या सूचना. जेथें आजही माळवद आहे तेथें हा क्रम तसाच लागू आहे. प्रथम जुनी माती दोन्ही बाजूंनीं समतोल राखून उतरवावी. कड्या व फळ्या वाळवीनें पोखरल्या आहेत कीं काय तें टोंचून पाहावें आणि खराब लांकूड बदलावें. त्यावर पातळ मातीचा लेप, मग जाड प्लॅस्टिकचा अखंड कागद, आणि त्यावर ऊन व उंदीर यांपासून त्याचें रक्षण होईल इतकीच माती घालून ती चोपावी. पाणी अडविण्याचें काम मातीच्या जाडीनें करावयाचें नसून अखंड पडद्यानें आणि ढाळानें करावयाचें, हा यांतील मुद्दा.

सिमेंटच्या गच्चीखालीं दुकान थाटणाऱ्यास वाटतें कीं हा इतिहास मातीच्या घरांचा आहे, त्याच्याशीं आपला संबंध नाहीं. परंतु त्याच्या डोक्यावर काय आहे तें पाहावें. काँक्रीटचा स्लॅब, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यावर सिमेंटचा गिलावा. पहिला कोबा ढाळ देण्यासाठीं असतो आणि तो योग्यच आहे. पांच-सात पावसाळ्यांनंतर गळती सुरू होते. गवंडी येतो, वर पाहतो आणि जुन्यावर नवा कोबा घालण्यास सांगतो. कारण जुना फोडून खालीं उतरविण्यास मजुरी लागते, राडारोडा टाकण्यास जागा लागते आणि दुकान चार दिवस बंद ठेवावें लागतें. ४ इंच जाडीचा कोबा दर चौरस फुटास सुमारें १८ किलो भरतो. १,००० चौरस फुटांच्या गच्चीवर असा एक थर म्हणजे १८ टन. माणसांच्या वावरासाठीं खुल्या सपाट छपरावर भारतीय मानकाप्रमाणें जो चल भार धरतात तो दर चौरस मीटरला सुमारें १५० किलो, म्हणजे दर चौरस फुटास १४ किलो असतो. दुसऱ्या कोब्यानें ही सारी शिल्लक एकट्यानेंच खाऊन टाकली; त्यावर पाण्याची टांकी, जाहिरातीचा फलक आणि माणसें यांस जागा कोठें उरली? कोबा मुरलेल्या पाण्यानें जड होतो तें आणखी वेगळें. माळवदाची कथा अशी विटा-सिमेंटच्या रूपानें पुन्हां लिहिली जाते.

बरें, इतकें करून गळती तरी थांबते काय? पुष्कळदां थांबत नाहीं, आणि न थांबण्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. थेंब खालीं जेथें पडतो त्याच्या बरोबर वर छिद्र असतें, ही समजूत बहुधा चुकीची ठरते. गिलाव्याला कठड्याजवळ केसाएवढी भेग पडलेली असते. तेथून पाणी कोब्यांत शिरतें. विटांचे तुकडे स्पंजासारखे तें धरून ठेवतात. मग तें स्लॅबच्या पाठीवरून, जेथें उतार असेल तिकडे, सरकत जातें आणि स्लॅबमध्यें जेथें भेग असेल तेथें खालीं उतरतें. शिरण्याची जागा आणि ठिबकण्याची जागा यांत दहा-पंधरा फुटांचें अंतर असणें नवलाचें नाहीं. ठिबकणाऱ्या जागेच्या वर थर घातल्यानें मूळ छिद्र जसेंच्या तसें राहतें, आणि नव्या थरामुळें तें शोधणें मात्र दुप्पट कठीण होतें.

हा अनुभव केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकापासून, आणि पुढें इतर देशांतही, गिरण्या, वखारी आणि दुकानें यांच्या सपाट छपरांवर डांबरांत भिजविलेल्या जाड कागदाचे अनेक थर एकावर एक चिकटवून त्यांवर खडी पसरण्याची चाल पडली. पाहणाऱ्यास वाटतें कीं खडी पाणी अडविते. वस्तुतः ती एक थेंबही अडवीत नाहीं. पाणी अडवितें तें डांबर. उन्हानें डांबर कडक होऊन तडकूं नये आणि वाऱ्यानें थर उचलले जाऊं नयेत एवढ्यासाठीं खडी असते. २ इंच जाडीच्या मोकळ्या खडीचें वजन दर चौरस फुटास ७ ते ८ किलो होतें, आणि छप्पर तेवढें वजन धरूनच बांधलेलें असतें. दोष असा कीं खडीखालीं काय घडत आहे तें वरून दिसत नाहीं. घाईचा दुरुस्तीवाला खडीवरच डांबर ओततो. तें डांबर खडीला चिकटतें, खालच्या फाटलेल्या थरास नाहीं. पाणी त्याखालून पूर्ववत् जात राहतें. जाणता कारागीर अगोदर बोथट हत्यारानें किंवा लांकडी फळीनें खडी बाजूस सारतो, जागा झाडून कोरडी करतो, फट उघडी पाडतो, फटीच्या चहूंकडे वीतभर पुढें जाईल असें ठिगळ चिकटवितो, आणि मग तीच खडी परत पसरतो. खडी त्यानें वाढविली नाहीं, काढली आणि पुन्हां घातली, एवढाच फरक; परंतु दुरुस्ती आणि लपवालपवी यांतील फरकही तेवढाच आहे.

यास्तव गळतीच्या कामांत पहिलें पाऊल हत्यार उचलण्याचें नसून पाहण्याचें होय. पाणी केव्हां गळतें यावरून तें कोठून येतें याचा बराच अंदाज बांधतां येतो. पाऊस सुरू होतांच पांच-दहा मिनिटांत थेंब पडूं लागला तर वाट सरळ आणि मोठी आहे. नळ किंवा पन्हळ स्लॅबमधून जेथें आरपार जाते ती जागा प्रथम पाहावी. पाऊस थांबून दिवस उलटला तरी ठिबकणें चालू असेल तर कोब्यांत पाणी साठलें आहे असें समजावें. पाऊस सरळ पडतांना छत कोरडें आणि वाऱ्याच्या झोडपणाऱ्या सरींत ओलें, असें असेल तर दोष गच्चीचा नसून कठड्याचा किंवा भिंतीचा असण्याचा संभव अधिक. आणि भर उन्हाळ्यांतही छताला ओल असेल तर आभाळाला दोष न देतां गच्चीवरची टांकी आणि तिचे नळ तपासावेत. ज्या ठिकाणीं पांढरा क्षार फुलून आला असेल, रंगाचे पोपडे सुटले असतील, तेथें पाणी वारंवार येऊन वाळत आहे याची ती खूण.

या खुणा कागदावर उतराव्या. खालच्या खोलींत ठिबकण्याच्या जागेचें दोन भिंतींपासूनचें अंतर फितीनें मोजावें, तेंच अंतर गच्चीवर मोजून खडूनें खूण करावी, आणि त्या खुणेपासून चढाच्या दिशेनें शोध घेत जावें. कारण पाणी चढाकडून आलेलें असतें. शंका उरल्यास पाणी भरून परीक्षा घ्यावी. पन्हळ गोणपाटानें बंद करून, चिकणमातीची पाळ घालून, गच्चीचा एक तुकडा वेगळा करावा. त्यांत २ ते ३ सेंटिमीटर पाणी भरून २४ तास ठेवावें आणि खालीं लक्ष ठेवावें. सखल बाजूच्या तुकड्यापासून आरंभ करावा आणि एका वेळीं एकच तुकडा भरावा. सबंध गच्ची एकदम भरली तर गळती आहे एवढेंच कळतें. ती कोठें आहे तें कळत नाहीं. छताचे गज उघडे पडले असतील, काँक्रीटचे ढलपे पडत असतील, तर मात्र वर पाणी भरूं नये. प्रथम जाणत्या अभियंत्यास छत दाखवावें.

बाजारपेठेंतील गच्च्यांवर तीन जागा विशेष लक्ष देण्यासारख्या असतात. पहिली म्हणजे पुढच्या मजल्याच्या आशेनें खांबांवर सोडून दिलेले लोखंडी गज. मजला चढेपर्यंत वर्षामागून वर्षें जातात. गज उघड्यावर गंजतात, आणि गजाच्या कडेनें पाणी खांबाच्या पोटांत उतरतें. गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्याच्या फुगण्यानें भोंवतालचें काँक्रीट आंतून फुटतें. या गजांना गंजरोधक रंग देऊन वर काँक्रीटचें साधें टोपण घालणें हें अल्प खर्चाचें काम आहे. दुसरी जागा म्हणजे फलक, तारा, छत्र्या आणि यंत्रें बसविण्यासाठीं गच्चींत पाडलेलीं भोंकें. बसविणारा आपलें काम करून निघून जातो. भोंक दुकानदाराकडे राहतें. अशा वस्तूंचे पाय गच्चींत न ठोकतां, भाराचा हिशेब पाहून, काँक्रीटच्या ठोकळ्यांवर ठेवावेत. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे गच्ची आणि कठडा यांचा सांधा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत स्लॅब दिवसा तापून पसरतो, रात्रीं निवून आकसतो. वळवाची सर आली कीं तापलेला स्लॅब एकदम थंड पडतो. कठडा आणि स्लॅब सारखे हालत नाहींत, आणि दोघांची ओढाताण त्यांच्या सांध्यावर येते. तेथें भेग पडावी यांत नवल नाहीं.

उपाय करतांना क्रम पाळावा. आधीं पन्हळी मोकळ्या कराव्या. पुष्कळ गळत्या एवढ्यानेंच कमी होतात. मग पाणसळ धरून ढाळ तपासावा. १०० फुटांस १ फूट हा ढाळ कमींत कमी पाहिजे, आणि पन्हळीचें तोंड भोंवतालच्या जागेहून किंचित् खालीं पाहिजे. सांध्यांतील भेग टांकीनें इंग्रजी व्ही अक्षरासारखी रुंद करून, धूळ झाडून, ताणलें असतां न तुटणाऱ्या लवचीक मसाल्यानें भरावी. नुसतें सिमेंट भरलें तर पुढच्या उन्हाळ्यांत तीच भेग पुन्हां उघडते. सांध्यावर गोलाई घ्यावी, आणि गच्चीवर जो पाणीरोधक लेप किंवा पडदा घालावयाचा तो कठड्यावर निदान ६ इंच चढवावा. जुना कोबा पोकळ वाजत असेल, ओलावा धरून बसला असेल, तर तो काढल्यावांचून नवा घालूं नये. काढतांना मोठा घण वापरूं नये, कारण त्याच्या हादऱ्यानें खालचा स्लॅब भेगाळतो. शेवटीं पृष्ठभागास पांढरा, ऊन परतविणारा रंग दिला तर स्लॅब कमी तापतो आणि भेगांचें मूळ कारणच सौम्य होतें.

गच्चीवरून वाहून जाणाऱ्या पाण्याचीही वाट लावावी लागते. एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या खेपेस ५ लाख लिटर आलें. १०० चौरस मीटरच्या एका गच्चीवर सर्वसाधारण वर्षांत ७० ते ८० हजार लिटर पाणी पडतें. ढाळ बरोबर असेल आणि पन्हळ टांकीकडे किंवा विहिरीच्या पुनर्भरणाकडे वळविलेली असेल तर यांतील बराच भाग कामीं येतो. छतांत मुरून घराचें नुकसान करणारें पाणी आणि उन्हाळ्यांत ज्याच्यासाठीं रांग लावावी लागते तें पाणी, हीं दोन नव्हेत.

या साऱ्यास फार मोठा खर्च लागतो असें नाहीं; नियम मात्र लागतो. वैशाखांत गच्ची झाडून पन्हळी साफ कराव्या आणि भेगांवर खडूनें खुणा कराव्या. पहिली मोठी सर येऊन गेली कीं तासाभरानें वर जाऊन पाणी कोठें साचलें आहे तें पाहावें. परतीचा पाऊस संपल्यावर छताची खालची बाजू तपासून ओलीच्या जागा नोंदवाव्या. आणि एक नोंद प्रत्येक सपाट छपराच्या धन्यानें, मग तें माळवद असो वा गच्ची, जिन्याच्या भिंतीवर रंगानें लिहून ठेवावी: कोणत्या सालीं कोणता थर घातला, त्याची जाडी किती इंच, आणि त्यापूर्वीं जुना थर काढला होता कीं नाहीं. पुढच्या पिढींतील माणूस नवा थर घालण्यास टोपलें घेऊन जिना चढूं लागेल तेव्हां तो आंकडा त्याच्या डोळ्यांसमोर असेल.